विषय: अंदमानला निघालोय, स्वेटर लागेल का?

प्रेषक: लोकमान्यनगर, इंदूर

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात आई-बाबा, आम्ही दोघं आणि आठ वर्षांची लेक अंदमानला निघालोय. पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक आणि नील ही बेटं. आजवर पाहिलेला समुद्र म्हणजे जुहू. एजंटाच्या कागदावर नुसती हॉटेलांची नावं आहेत. कोणी जाऊन आलं असेल तर सांगा.

प्रेषक: रामबाग, इंदूर

अहो, स्वेटर इंदूर विमानतळापर्यंतच. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे न्या. पाण्यात पालथं पोहताना पाठ भाजते आणि रात्री कळतं.

आधी झोपेचं बघा. घड्याळ तेच, पण सूर्य तिथे आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतोसुद्धा. नऊला पोहे-जिलबी आणि मग आरामात बाहेर, हा आपला खाक्या तिथे चालत नाही.

दुसरं म्हणजे ओहोटी. नीलच्या लक्ष्मणपूर किनाऱ्यावर दगडाची नैसर्गिक कमान आहे. आमच्या एजंटानं ती दुपारी बाराला ठेवली होती. पोहोचलो तर भरती, वाट पाण्याखाली! माझं माहेर रत्नागिरीचं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला सहा, हे पाठ. पण तो हिशेब कोकणकिनाऱ्याचा, तिथे कामाचा नाही. तिथलंच भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर बघा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा गेलो. खडकातल्या परातीएवढ्या डबक्यात एक मोठा शिंपला होता, जांभळट-निळे ओठ उघडून बसलेला. मी वाकले, माझी सावली पडली आणि त्यानं ओठ मिटले. यांचा फोटो राहिलाच. पायात मात्र पट्ट्याच्या, न घसरणाऱ्या चपला हव्यात. शेवाळ फार, आणि प्रवाळाचं खरचटलेलं लवकर चिघळतं.

पाण्यात उतरण्याआधी मगरींची पाटी वाचा. ती शोभेची नाही, तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. ओढ लागून आत खेचले गेलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर या. बोटीत आजी-आजोबांना मळमळेल. डॉक्टरांना विचारून गोळी आधीच द्या, ओकारी आल्यावर उपयोग नाही. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा.

आणि हो, तिकिटावर स्वराज द्वीप दिसलं तर घाबरू नका. तेच हॅवलॉक. नील म्हणजे शहीद द्वीप. २०१८ मध्ये नावं बदलली. पोर्ट ब्लेअरसुद्धा २०२४ पासून श्री विजयपुरम.

प्रेषक: लोकमान्यनगर, इंदूर

काकू, खूप आभार. एजंटाला फोन केला, कमान आता सकाळी घेतोय. लेकीला वर्गासाठी शंख आणि पोवळी गोळा करायची आहेत, चालेल ना?

प्रेषक: रामबाग, इंदूर

अजिबात नको. मेलेलं पोवळंसुद्धा नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, विमानतळावर बॅगा तपासतात. तिला वही-रंग द्या, बसून चित्र काढू दे. आणि शेवेचं पाकीट विसरू नका, बोटीवर हमखास भूक लागते.