पेनड्राइव्ह 'नो मीडिया' दाखवतोय, आत डेटा आहे. क्लीन करू की नको?

कागदीघोडा

६४ जीबीचा यूएसबी ३.० पेनड्राइव्ह, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला. कॉपी चालू असताना उपटला गेला आणि तेव्हापासून उघडत नाही.

विंडोज १० च्या लॅपटॉपला लावला की नेहमीचा आवाज येतो, दिवा लागतो, 'धिस पीसी'मध्ये ई ड्राइव्ह दिसतो. क्लिक केलं की 'प्लीज इन्सर्ट अ डिस्क'. प्रॉपर्टीजमध्ये वापरलेली जागा ०, मोकळी जागाही ०. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'रिमूव्हेबल', खाली 'नो मीडिया'. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला लावला तर 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' येतं, मागच्या पोर्टला मात्र लॅपटॉपसारखंच.

ड्राइव्ह लेटर बदलून झालं, डिव्हाइस मॅनेजरमधून ड्रायव्हर काढून पुन्हा घालून झाला. फरक नाही. आत स्कॅन केलेली कागदपत्रं आणि दोन वर्षांचे हिशेब आहेत, दुसरी प्रत नाही. डिस्कपार्टमध्ये (विंडोजची डिस्क हाताळायची कमांड) क्लीन मारून फॉरमॅट केला तर चालू होईल का? आणि मग रिकव्हरी सॉफ्टवेअरने फाइली निघतील का?

झटपट

निघतील. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि तुमचा क्रमांक, क्लीन, क्रिएट पार्टिशन प्रायमरी, शेवटी क्विक फॉरमॅट. क्लीनने फक्त पार्टिशन टेबल (ड्राइव्हच्या भागांची नोंद) पुसलं जातं, फाइली जागच्या जागी असतात. पाच मिनिटांचं काम.

शून्यएक

क्लीनबद्दलचं वाक्य बरोबर आहे, पण या दुखण्यावर ते औषध नाही. कागदीघोडा, तूर्त काहीही फॉरमॅट करू नका. लिस्ट डिस्क दिली तर तुमच्या ड्राइव्हपुढे आकार '० बी' दिसेल, आणि क्लीन दिलं तर 'देअर इज नो मीडिया इन द डिव्हाइस' म्हणून कमांड परत फिरेल. पुसायला समोर काही असावं तर लागतं! घाईत सिलेक्ट डिस्कला ० टाकलात तर मात्र बहुतेक वेळा लॅपटॉपची स्वतःचीच डिस्क निवडली जाते. क्लीन कमांड 'नक्की का?' असं विचारत नाही.

बिघाड कुठल्या पायरीवर आहे ते आधी ठरवायला हवं. पेनड्राइव्हमध्ये मुख्य दोन चिप असतात: संगणकाशी बोलणारा कंट्रोलर आणि प्रत्यक्ष डेटा साठवणारी नँड फ्लॅश. ड्राइव्ह लावला की संगणक आधी कंट्रोलरकडे त्याची ओळख मागतो. १८ बाइटचं ते उत्तर, त्यात उत्पादकाचा आणि वस्तूचा क्रमांक. हे उत्तरच आलं नाही तर 'नॉट रेकग्नाइज्ड', डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ आणि 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड'. म्हणजे दोष पोर्ट, केबल, कनेक्टर किंवा कंट्रोलर यांपैकी कशात तरी. ओळख आली पण क्षमता ० आली, तर कंट्रोलर जिवंत आहे, पण त्याला फ्लॅश वाचता येत नाही. तेच तुमचं 'नो मीडिया'. आकार बरोबर ६४ च्या आसपास (विंडोज मोजते त्या हिशेबाने ५८ ते ६० जीबी) दिसतो पण 'रॉ' येतं किंवा फॉरमॅट करायला सांगतं, तेव्हा यंत्र ठीक आणि फाइल सिस्टिम (कुठली फाइल कुठे आहे याची मांडणी) बिघडलेली. आणि आकार, फाइल सिस्टिम दोन्ही बरोबर असून 'धिस पीसी'मध्ये दिसत नसेल तर बहुधा फक्त ड्राइव्ह लेटर दिलेलं नाही, किंवा तेच अक्षर एखाद्या नेटवर्क ड्राइव्हने धरून ठेवलंय.

रिकव्हरी सॉफ्टवेअर उपयोगी पडतं ते फक्त तिसऱ्या परिस्थितीत. सेक्टर (ड्राइव्हवरचे साठवणीचे छोटे कप्पे) वाचता आले पाहिजेत, तरच ते काही शोधणार. ० बाइटच्या ड्राइव्हवर कितीही महागडं सॉफ्टवेअर लावा, हाती काही लागणार नाही.

डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टवर वेगळं दिसलं त्यावरून सध्या निष्कर्ष काढू नका. पुढची पोर्ट मदरबोर्डला आतल्या केबलने जोडलेली असतात, तिथे विजेचा दाब कमी होतो, सिग्नलही खराब होतो. मागच्या पोर्टवर जे दिसतं तेच खरं धरा. एक चाचणी करा: यूएसबी २.० च्या साध्या एक्स्टेन्शन केबलमधून लावा. तशा केबलमध्ये ३.० ची जादा पाच टोकं जोडलीच जात नाहीत, त्यामुळे ड्राइव्ह २.० च्या वेगावर उतरतो. दोष त्या पाच टोकांत असेल तर ड्राइव्ह चक्क चालू होतो.

आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्क ड्राइव्ह्ज'खाली आता नेमकं काय नाव येतंय ते लिहा. पूर्वीचंच नाव आहे की बदललंय?

डाखकाम

शून्यएकशी सहमत. हार्डवेअरच्या बाजूने थोडं.

ड्राइव्ह लावून अर्ध्या मिनिटात चटका बसण्याइतका गरम झाला तर लगेच काढा आणि पुन्हा लावू नका. आत शॉर्ट आहे, दर वेळी चिपचं आयुष्य कमी होतंय. गरम होत नसेल तर मल्टिमीटर घ्या. ड्राइव्ह संगणकापासून सुटा ठेवून प्लगच्या चार मोठ्या पट्ट्यांपैकी कडेच्या दोहोंमधला रोध मोजा. त्या दोन विजेच्या, ५ व्होल्ट आणि ग्राउंड. एक-दोन ओहम आला तर शॉर्ट. मधल्या दोन डेटाच्या. मीटर डायोडवर ठेवून लाल टोक ग्राउंडला आणि काळं एकेका डेटा पट्टीला लावा. दोन्हीकडे साधारण सारखा आकडा यायला हवा. एकीकडे ०.६ आणि दुसरीकडे काहीच नाही, म्हणजे ती वाट तुटली आहे, बहुतेकदा कनेक्टरच्या पायाशी.

लॅपटॉपला लावलेल्या पेनड्राइव्हला हात किंवा गुडघा लागतो, प्लग वाकतो आणि बोर्डावरचा डाख तडकतो. प्लग किंचित हलवल्यावर दिवा लागत-विझत असेल तर तेच. हा बिघाड सगळ्यात सोपा. फ्लक्स लावून बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने चारही टाके पुन्हा तापवले की पुष्कळदा भागतं. पट्टी बोर्डावरून उखडली असेल तर पातळ इनॅमल वायरने थेट पुढच्या घटकापर्यंत जोडणी करावी लागते.

'नो मीडिया'त मात्र लक्ष फ्लॅश चिपकडे हवं. ती दोन बाजूंना पाय असलेली असेल (एकूण ४८ पाय, एका कडेला २४) तर तिचेही टाके तडकतात. केस उघडून, ड्राइव्ह लावताना चिपवर प्लॅस्टिकच्या काडीने हलका दाब द्या. त्या क्षणी क्षमता दिसली तर टाके सुटलेत, दुसरं काही नाही. धातूचं काहीही नको. पायांवर आडवं टेकलं की चिप गेली.

केस उघडल्यावर आत बोर्ड-चिप काही न दिसता नखाएवढा एकसंध काळा तुकडाच निघाला तर तिथेच थांबा. त्यात कंट्रोलर आणि फ्लॅश एकाच ठोकळ्यात असतात, घरी करण्यासारखं काही नाही.

कागदीघोडा

२.० च्या केबलने फरक नाही. गरम होत नाही. विजेच्या पट्ट्यांत शॉर्ट नाही, डेटाच्या दोन्ही पट्ट्यांवर ०.६ च्या जवळ. चिप पायांची आहे, दाबून पाहिलं, काही झालं नाही. नाव मात्र बदललंय. पूर्वी कंपनीचं नाव होतं, आता '२३०७ प्रॅम यूएसबी डिव्हाइस' येतं.

शून्यएक

मग उत्तर मिळालं. २३०७ हा कंट्रोलर चिपचा प्रकार आहे, आणि 'प्रॅम' म्हणजे तो बूट मोडमध्ये अडकलाय.

कंट्रोलरच्या पोटात फक्त एक छोटा बूट प्रोग्राम पक्का कोरलेला असतो. बाकीचं फर्मवेअर (चिप चालवणारा प्रोग्राम) आणि कुठला डेटा कुठल्या ब्लॉकमध्ये आहे त्याची तक्ती, हे सगळं त्याच नँड फ्लॅशमध्ये तुमच्या फाइलींशेजारी राहतं. ड्राइव्ह लावला की बूट प्रोग्राम फ्लॅशमधून फर्मवेअर उचलतो आणि मगच कंपनीचं नाव व क्षमता सांगतो. फर्मवेअर वाचता आलं नाही तर तो स्वतःच्या चिपचं नाव सांगून गप्प बसतो. लिहिणं चालू असताना वीज तुटली की हे होऊ शकतं, कारण तक्तीही त्याच वेळी बदलली जात असते. फ्लॅशचे ब्लॉक आधीच झिजलेले असतील तर आणखी लवकर.

आता इंटरनेटवर तुम्हाला या कंट्रोलरसाठीचं 'एमपी टूल' सापडेल, कारखान्यात वापरतात ते. त्याने ड्राइव्ह खरंच पुन्हा चालू होतो, पण नव्याने. फ्लॅश पुसून, खराब ब्लॉक पुन्हा मोजून, कोरी तक्ती लिहून. फॉरमॅटनंतर फाइली निघतात तशा त्यानंतर निघत नाहीत. डेटा नको असेल तर खुशाल चालवा. तुमच्या बाबतीत नाही.

हिशेब परत हवे असतील तर फ्लॅश चिप बोर्डावरून उतरवून वेगळ्या रीडरवर वाचणारी डेटा रिकव्हरी प्रयोगशाळा गाठा. वाचून झाल्यावरही काम उरतं: चुका दुरुस्त करणं, कंट्रोलरने डेटा मिसळून लिहिलेला असतो तो उलगडणं, मग ब्लॉकांचा क्रम लावणं. म्हणूनच ते स्वस्त नसतं. देताना दोन गोष्टी विचारा: चिप काढून वाचतात का, आणि फाइलींची यादी आधी दाखवतात का. 'सॉफ्टवेअरने बघतो' म्हणाले तर ड्राइव्ह परत घेऊन या. तोवर तो लावून-काढून पाहणं बंद.

झटपट

प्रॅमचं माहीत नव्हतं. माझा सल्ला रॉ वाल्यांसाठी धरा.

बोरूबहाद्दर

इथेच विचारतो. माझा ३२ जीबीचा, आकार बरोबर दिसतो पण रॉ. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणारी कमांड) चालवलं तर 'रॉ ड्राइव्हला उपलब्ध नाही' म्हणतं. मग क्लीनच ना?

पेंग्विनप्रेमी

आधी एक खात्री करा. हा ड्राइव्ह मॅकवर किंवा लिनक्सवर फॉरमॅट झालेला नाही ना? एपीएफएस किंवा ईएक्सटी४ विंडोजला कळत नाही, तेव्हा ती सरळ 'फॉरमॅट करा' म्हणते. चांगला ड्राइव्ह अशा वेळी हकनाक पुसला जातो.

तसं नसेल तर आधी प्रतिमा (सगळ्या ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत, एका फाइलमध्ये) घ्या, मग बाकीचं. चेकडिस्क चाललं नाही हे बरंच झालं. ते बिघडलेल्या फाइल सिस्टिमवरच लिहितं, आणि अर्धवट नोंदी 'दुरुस्त' करताना तोडूनही टाकतं.

लिनक्सच्या लाइव्ह डिस्कवरून संगणक सुरू करा. एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) देऊन पेनड्राइव्हचं नाव आकारावरून ओळखा. मग प्रतिमा घेणारी डीडीरेस्क्यू, पर्याय लहान डी आणि लहान एन, त्यापुढे स्रोत (पेनड्राइव्ह), प्रतिमेची फाइल आणि नकाशाची फाइल (काय वाचून झालं त्याची नोंद), याच क्रमाने. (कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, इथे उच्चार लिहितोय.) स्रोत आणि प्रतिमा उलटसुलट झाले तर संपलं, म्हणून एंटरआधी पुन्हा वाचा. पहिल्या फेरीत सहज वाचता येतं तेवढं उचललं जातं. नंतर एन काढून आर ३ घालून तीच कमांड द्या, म्हणजे अडलेल्या जागांवर तीन वेळा प्रयत्न होतो. नकाशाची फाइल तीच ठेवलीत तर काम पहिल्यापासून सुरू होत नाही. प्रतिमेसाठी ३२ जीबीपेक्षा जास्त मोकळी जागा हवी, आणि ती डिस्क फॅट३२ नको, तिथे ४ जीबीवर फाइल थांबते.

मग त्या प्रतिमेवर टेस्टडिस्क, हरवलेली पार्टिशन शोधणारा प्रोग्राम. पार्टिशन सापडलं तर फोल्डर, नावं सगळ्यासकट कॉपी होतं. नाहीच सापडलं तर फोटोरेक. ते फाइलींच्या सुरुवातीच्या खुणांवरून शोधतं, त्यामुळे फाइलींची मूळ नावं आणि फोल्डर जातात, शिवाय तुकड्यांत विखुरलेल्या मोठ्या फाइली अर्धवट निघतात.

प्रतिमा घेताना शेवटच्या काही जीबींत सतत चुका आल्या किंवा नुसती शून्यंच निघाली तर ड्राइव्ह नकली असण्याची शंका घ्या. ८ जीबीची फ्लॅश आणि ३२ सांगणारा कंट्रोलर, असले प्रकार असतात. पहिले ८ भरेपर्यंत सगळं सुरळीत, पुढचं लिहिलेलं हरवतं. डेटा काढून झाल्यावर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ ने पूर्ण भरून तपासा.

बोरूबहाद्दर

मॅकवर कधी लावलेला नाही. डीडीरेस्क्यूची पहिली फेरी झाली, ९९.९८ टक्के आलं, चुका सुरुवातीच्या भागातच आहेत. टेस्टडिस्कने फॅट३२ पार्टिशन दाखवलं, पण बूट सेक्टर (पार्टिशनची रचना सांगणारा पहिला सेक्टर) खराब म्हणतंय. बॅकअप सेक्टरवरून दुरुस्त करू का?

पेंग्विनप्रेमी

करा, पण प्रतिमेच्या प्रतीवर. फॅट३२ बूट सेक्टरची दुसरी प्रत सहसा ६ क्रमांकाच्या सेक्टरला ठेवतं, टेस्टडिस्कच्या 'बूट' पर्यायात 'बॅकअप बीएस' दिसेल. तिथून उतरवून घेतलं की 'लिस्ट'मध्ये फाइली दिसायला हव्यात. सुरुवातीचेच सेक्टर गेलेत, म्हणजे तो ड्राइव्ह नंतर फॉरमॅट होऊन चालला तरी त्यात एकुलती एक प्रत ठेवू नका.