नॅनोतंत्रज्ञान आठवडाभरात शिकवता येतं का?

धागाकर्ता: नोकरीतल्या शास्त्रज्ञ-अभियंत्यांना आठवडाभराच्या नॅनो अभ्यासक्रमाला पाठवून 'प्रशिक्षित' म्हणायला माझा विरोध आहे. तेवढ्यात यंत्र चालवता येतं, आलेल्या आकड्यावर शंका घेता येत नाही. डीएलएस घ्या, म्हणजे द्रवातल्या कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून त्यांचा आकार काढणारं यंत्र. लहान कणांनी विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक गोळा १० नॅनोमीटरच्या जवळपास दहा लाख कणांइतका प्रकाश विखुरतो. असे मोजके गोळे नमुन्यात असले की सरासरी फुगते, आणि नवखा माणूस तीच कणांचा आकार म्हणून अहवालात लिहितो.

अणुरेणू: अजिबात पटलं नाही. हीच चूक एका दुपारी दाखवता येते! एकच नमुना डीएलएस आणि टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) दोन्हींवर मोजायला द्या. आकडे जुळणार नाहीत. डीएलएस द्रवात हलणारा कण त्याच्या आवरणासकट मोजतं, टीईएममध्ये मुख्यतः कोरडा गाभा दिसतो. 'मग खरा आकार कोणता?' हा प्रश्न तिथेच पडतो. शिवाय रंगरसायनं किंवा औषधनिर्मितीत दहा वर्षं घालवलेल्या माणसाने पुन्हा पीएचडी करायची का?

क्लीनरूम_पाळी: मापनाचं ठीक आहे, पण क्लीनरूमचं, म्हणजे धूळमुक्त प्रयोगशाळेचं काय? तिथलं हायड्रोफ्लोरिक आम्ल सौम्य असेल तर त्वचेवर पडल्यावर कित्येक तास दुखतही नाही. तोवर फ्लोराइड आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. त्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल कुठे ठेवलंय हे न विचारता हाताला लागलं पाहिजे. ती सवय देखरेखीखाली महिनोन्‌महिने काम करूनच लागते. अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रावर एकट्याने काम करायची परवानगी मी कुणालाही देणार नाही.

अणुरेणू: यावर वाद नाही. परवानगी वेगळी, प्रशिक्षण वेगळं.

धागाकर्ता: दोन यंत्रांची तुलना मला मान्य. पण बहुतेक ठिकाणी सरावाला सोन्याचे तयार, एकसारखे कण देतात. त्यांवर सगळंच छान जुळतं. स्वतःचा गुठळ्या झालेला नमुना समोर आला की माणूस अडतो.

अणुरेणू: मग प्रवेशाची अटच घाला: स्वतःचा नमुना आणा, तोही त्रास देणारा. एएफएम, म्हणजे बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक, त्याच्या सुईच्या टोकाच्या जाडीमुळे १० नॅनोमीटरचा कण आडवा ३० दिसतो, उंची मात्र बरोबर येते. आपल्याच कणांवर हे पाहिलेला माणूस पुढच्या वेळी रुंदी लिहिण्याआधी उंची तपासेल.