लुई मालचा 'लाकोम्ब, ल्युसिएन': याला प्रेमकथा म्हणायचं का?

निशिगंध:
दिग्दर्शक लुई मालचा १९७४ सालचा हा फ्रेंच चित्रपट 'युद्धकाळातली प्रेमकथा' म्हणून सुचवला जातो. मला ते अजिबात पटत नाही.

कथा थोडक्यात: जून १९४४, नैऋत्य फ्रान्स. ल्युसिएन हा खेड्यातला पोरगा. जर्मनांविरुद्धच्या प्रतिकार चळवळीत घ्या म्हणून गावच्या मास्तरांकडे जातो. अजून लहान आहेस म्हणून ते परत पाठवतात. मग तो जर्मनांसाठी काम करणाऱ्या फ्रेंच टोळीत शिरतो आणि दारूच्या नशेत त्याच मास्तरांचं नाव सांगून बसतो. टोळीतला एक जण त्याला सूट शिवायला ओर्न यांच्याकडे नेतो. हे पॅरिसचे ज्यू शिंपी, म्हातारी आई आणि तरुण मुलगी फ्रान्स हिच्यासह इथे लपलेले. गप्प राहण्याचे पैसे तोच माणूस त्यांच्याकडून उकळतो.

पुढे ल्युसिएन शॅम्पेन घेऊन कुणी न बोलावता घरी येतो आणि बापाला त्याच्यासोबत बसावं लागतं. ज्याच्या एका शब्दावर अख्खं घर उचललं जाईल, त्याला ती मुलगी 'नाही' कशी म्हणणार?

काजवा:
पूर्ण असहमत. तुम्ही तिची इच्छाच काढून घेताय. घरात कोंडून पियानो वाजवत बसलेली तरुण मुलगी आहे ती. तिला बाहेर पडायचंय, नाचायचंय. फ्रान्स साकारणाऱ्या ओरोर क्लेमाँचा हा पहिलाच चित्रपट, तरी तिच्या चेहऱ्यावर ओढ आणि किळस एकदमच दिसतात. असं प्रेम असूच शकत नाही, हे कुणी ठरवलं?

निशिगंध:
ओढ मीही नाकारत नाही. पण दोघं जवळ येतात ते कधी, ते बघा. त्या टोळीचा अड्डा असलेल्या हॉटेलातल्या पार्टीत तिथली मोलकरीण सगळ्यांसमोर तिला ज्यू म्हणून शिव्या घालते. ती रडत बाथरूममध्ये जाते, ज्यू असण्याचाच कंटाळा आलाय म्हणते, आणि त्यानंतर ते घडतं. बाप नंतर स्वतःच्या पायांनी त्या हॉटेलात ल्युसिएनशी बोलायला जातो आणि पकडला जातो. या प्रेमाची किंमत त्याने मोजली.

शेतबांध:
माझा आक्षेप वेगळाच आहे. सायकल पंक्चर झाली म्हणून पोरगा त्या हॉटेलपाशी पोचतो, म्हणजे फितुरी हा जणू अपघातच! ऑक्टोबर १९४० मध्ये जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारने स्वतः ज्यूंविरुद्ध कायदा केला. जुलै १९४२ मध्ये पॅरिस परिसरात सुमारे १३,००० ज्यूंना पकडलं ते फ्रेंच पोलिसांनीच. त्यात अपघात कसला? चित्रपट आला तेव्हा फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फुकोनेही त्यावर कडक टीका केली होती.

काजवा:
शेतबांध, उलट तेव्हाच्या फ्रेंच समाजाला हेच ऐकणं जड गेलं. 'आपण सगळे प्रतिकारातच होतो' अशी समजूत घट्ट असताना मालने एक साधा, अडाणी फितूर समोर उभा केला. राक्षस दाखवला असता तर प्रेक्षक सुटले असते.

आणि निशिगंध, शेवटी तो जर्मन सैनिकाला गोळी घालून फ्रान्सला आणि आजीला घेऊन पळतो, त्याचं काय?

निशिगंध:
ती गोळी सुटायच्या आधी काय होतं ते विसरू नका. ओर्नना दिलेलं सोन्याचं घड्याळ ल्युसिएन परत खिशात घालतो आणि तो सैनिक ते हिसकावून घेतो. गोळी त्यानंतरची. तिच्यासाठी की घड्याळासाठी, हे मालने मुद्दाम उघडं ठेवलंय, आणि तिथे मला चित्रपट फार प्रामाणिक वाटतो. शेवटच्या पाटीवर ल्युसिएनला मृत्युदंड झाल्याचं येतं, त्या मुलीबद्दल एक अक्षरही नाही. म्हणूनच म्हणते, ही त्याची गोष्ट आहे, दोघांची नाही.