पाहुण्यांसाठी शार्क्युटरी बोर्ड: आठ माणसे, दीड हजार रुपये, मांडणी कशी करावी?

विश्रामबाग_सांगली (धागाकर्ती): येत्या शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे आठ पाहुणे येणार असून जेवणापूर्वी चीज, सलामी (मुरवलेल्या मांसाचे काप), फळे आणि सुकामेवा यांचा शार्क्युटरी बोर्ड मांडण्याचा विचार आहे. तिघे शाकाहारी आहेत. सगळा खर्च दीड हजारांत बसवायचा आहे. घरात लाकडी बोर्ड नाही. तो विकत घ्यावा का आणि मांडणी देखणी कशी करावी, हे कृपया सांगावे.

अजिंक्यतारा: बोर्डाच्या बाबतीत काटकसर करू नये. मी गेल्या दिवाळीत अकेशिया लाकडाचा बावीसशे रुपयांचा बोर्ड घेतला आणि तेव्हापासून पाहुणे पदार्थांआधी त्याचाच फोटो काढतात.

कृष्णाकाठ: ताईंनी सगळे मिळून दीड हजार म्हटले आहे आणि आपण नुसत्या फळीला बावीसशे सांगता! मी ऑनलाइन मागवलेला बोर्ड भेग पडलेलाच आला आणि तो परत घेण्यावरून विक्रेत्याने महिनाभर झुलवले. ओट्याच्या कामातून उरलेला काळा कडप्पा घासून वापरावा. काळ्यावर चीज उठून दिसते.

मिरजेची_सुगरण: कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. त्यावर लिंबाचा किंवा लोणच्याचा रस सांडला की फिकट डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत. आता मांडणीविषयी. चटणी, मध आणि ऑलिव्ह यांच्या लहान वाट्या आधी एकमेकींपासून दूर ठेवाव्यात, मग चीज, त्यानंतर घडी घालून किंचित फुलवलेले सलामीचे काप, आणि शेवटी उरलेल्या फटींत द्राक्षे व बदाम भरावेत. कोठेही रिकामी जागा दिसली नाही की बोर्ड आपोआप भरगच्च वाटतो. जेवण व्हायचे असल्याने माणशी पन्नास ग्रॅम चीज पुरे. ते अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढावे, कारण गार चीजला चव लागत नाही. सलामी मात्र अगदी आयत्या वेळी काढावी.

वाईकर: स्ट्रॉबेरीचा उल्लेख कोणीच कसा केला नाही? महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि सध्या हंगाम ऐन भरात आहे. देठ न काढता धुऊन, पूर्ण कोरडी करून ठेवावी.

बेदाणा_तासगाव: सांगलीच्या घरी पाहुणे येणार आणि बोर्डावर बेदाणे नाहीत, हे आम्हाला पटत नाही. हिरवट लांब बेदाणे घडासकट द्राक्षांशेजारी ठेवावेत. बिस्किटे फळांना चिकटवू नयेत. एका समारंभात केटररने कापलेल्या फळांवरच क्रॅकर रचले होते आणि पाहुणे येईपर्यंत त्यांचा लगदा झाला होता.

कृष्णाकाठ: क्रॅकर हवेतच कशाला? भडंग ठेवा.

अजिंक्यतारा: भडंग चीजवर ठेवून खाणार कसे? चमच्याने?

कृष्णाकाठ: भडंग खाताना आम्ही फोटो काढत नाही.

मिरजेची_सुगरण: भडंगाचा वाद वेगळ्या धाग्यावर घ्यावा. शाकाहारी पाहुण्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की काही चीजमध्ये दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरतात; इटलीचे पार्मिजानो रेज्जानो तर त्याशिवाय होतच नाही. त्यामुळे पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच घ्यावे. सलामीला वेगळा चिमटा ठेवावा.

कराडचा_खवय्या: चीज आधी फ्रिजबाहेर काढावे आणि फळे कोरडी ठेवावीत, एवढे माझ्या वतीने सांगतो. निळ्या बुरशीचे चीज मात्र आवर्जून आणावे. आमच्याकडे ते खराब झाले आहे असे समजून कोणी हात लावत नाही, त्यामुळे सगळे मलाच मिळते.

विश्रामबाग_सांगली (धागाकर्ती): सर्वांचे आभार. बोर्ड विकत घेत नाही आणि कडप्पाही वापरत नाही. घरात सासूबाईंचे दोन आणि माझा एक असे तीन सागवानी पोळपाट आहेत. त्यांवर चीज, फळे, बेदाणे आणि वाईकरांची स्ट्रॉबेरी मांडेन. पोळपाटावर सलामी सासूबाईंना चालणार नाही, म्हणून ती स्टीलच्या ताटात आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. हिरव्या ठिपक्याचे गौडा चीज चारशे ग्रॅम घेतले आहे. निळे चीज आणणार नाही.

अजिंक्यतारा: पोळपाटाला पाय असतात. ते टेबलावर उंच-सखल दिसतील.