टॅटू कुठे, किती आणि कसा दुखला? अनुभव लिहा

पर्वतीपायथा:
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर पहिला टॅटू काढायचा विचार चाललाय पण जागा ठरत नाहीये. मनात बरगडीवर आहे, डाव्या बाजूला, तर ऑफिसातल्या मैत्रिणीने ऐकल्या ऐकल्या "वेडी आहेस का" म्हणून हात जोडले. नेटवर ते माणसाचं चित्र असतं ना, हिरवं पिवळं लाल रंगवलेलं, ते बघून बघून पाठ झालंय, आणि दोन चित्रं शेजारी ठेवली तर एकात मनगट हिरवं आणि दुसऱ्यात लाल, मग करायचं काय त्याचं. त्यामुळे ज्यांनी खरोखर काढून घेतलाय त्यांनीच सांगा. नुसतं "दुखतं गं" नको. चरचरतं का ठणकतं का सणक जाते, किती वेळ, आणि घरी गेल्यावर काय, ते लिहा. आईला अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे रात्री कण्हायची सोय नाहीये.

ताशावाली:
माझे दोन आहेत. पहिला हाताच्या बाहेरच्या बाजूला, मनगट आणि कोपराच्या मधे, तिथे खरंच काही विशेष नाही, सुरुवातीची दहा मिनिटं चरचरलं मग सवय झाली आणि मी चक्क मोबाईल बघत बसले होते. त्यामुळे दुसऱ्याच्या वेळी जरा हवेत होते. तो मागे खांद्याच्या पात्यावर. पात्याच्या मांसल भागावर ठीक चाललं होतं पण सुई हाडाच्या कडेला आली की दुखण्यापेक्षा ती थरथर नको होते, मशीनची थरथर सरळ मानेतून दातापर्यंत जाते, दात आवळून बसायचीही पंचाईत.
पथकात असाल तर एक सांगते. सरावाचे दिवस सोडून काढा. आमच्यात एक जण ऐन जुलैत खांद्यावर महादेव काढून आला, त्यावर ताशाचा पट्टा, वर घाम, वर नदीपात्रातली धूळ. दुसऱ्या दिवशी खांदा लालभडक. प्रमुखांनी हातात झांज दिली आणि बाजूला उभं केलं. विसर्जनापर्यंत त्याची झांज काही सुटली नाही.

बिनसाखरेचा:
नडगी. एवढं एकच लिहून थांबणार होतो, पण सविस्तर विचारलंय म्हणून सांगतो. पोटरीवर सुरू केलं, डिझाईन पुढे वळत वळत नडगीवर येणार होतं. पोटरीला मी आर्टिस्टशी सिंहगडच्या पावसाबद्दल गप्पा मारत होतो, नडगीला आल्यावर गप्पा बंद. तिथे कातडी आणि हाड यांच्यात काही नाहीच हो, सुई टोचतेय असं वाटतच नाही, कोणी हाडावर कोरतंय असंच वाटतं. घोट्याच्या जवळ आल्यावर तर पाय आपोआप उडायला लागला, मी उडवत नव्हतो, तो उडत होता, शेवटी त्याने कोपराने पाय दाबून धरला आणि काम पुरं केलं.
पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी. पलंगावर आहे तोवर काही नाही. पाय खाली सोडला की रक्त सगळं पायात उतरतं आणि जो काही ठणका लागतो, अर्धा मिनिट भिंत धरून उभं राहायचं, मग ओसरतो. पुढचे काही दिवस हेच. हे त्या हिरव्या-लाल चित्रात कोणी सांगत नाही. गुडघ्याच्या खाली काढणाऱ्यांनी घरी आल्यावर पाय उशीवर उंच ठेवावा, फरक पडतो.

एक_पुणेकर:
मला अजिबात दुखला नाही. पाठीवर काढला. झोपलो होतो.

ताशावाली:
झोपलो म्हणजे आडवे का घोरत?

एक_पुणेकर:
घोरत. मणक्याजवळ आल्यावर उठलो.

सुईवाला:
कॅम्पात टॅटू काढतो, त्यामुळे रोज दुसऱ्यांचं दुखणं बघणं हाच धंदा. नडगीवाल्या साहेबांना पूर्ण अनुमोदन.
साधारण असं बघा, जिथे कातडी जाड आणि खाली मांस तिथे बरं चालतं, म्हणजे दंडाची बाहेरची बाजू, मांडीची बाहेरची बाजू, पोटरी. जिथे कातडी पातळ आणि खाली लगेच हाड, तिथे माणूस उडतो, बरगडी मणका नडगी घोटा, पावलाची वरची बाजू, कोपराचं टोक. आणि तिसरा प्रकार लोक विसरतात, हाड नसूनही वाईट, काख, दंडाची आतली बाजू, गुडघ्यामागची लवण, कोपराच्या आतली घडी. दंडाच्या आतल्या बाजूला फुशारक्या मारत आलेले जिमवाले पाणी मागतात, रोजचं आहे.
पण जागेइतकंच काय काढताय यावर आहे. आउटलाइनच्या सुया कमी आणि एकवटलेल्या, त्यामुळे ती कळ तीक्ष्ण, पण पटकन पुढे सरकते. शेडिंगच्या सुया पसरट आणि जास्त, ते सोलवटल्यासारखं होतं, आणि आधी काढलेल्या रेषेवरून परत गेलो की मग "दादा एक मिनिट" सुरू. खरं विचाराल तर सगळ्यात जास्त शिव्या मी सुईच्या नाही, पुसण्याच्या खातो. शाई पुसल्याशिवाय मला रेष दिसत नाही, आणि हुळहुळ्या झालेल्या कातडीवर दर मिनिटाला तो ओला टिश्यू फिरतो.
पहिला अर्धा-पाऊण तास शरीर स्वतःच सांभाळून घेतं, मग एक बरा काळ येतो, आणि दोन-तीन तासांनंतर तीच जागा, तीच सुई, पण सहन होत नाही. म्हणून पहिल्या वेळी मोठं काही घेऊ नका, उगाच "एकदाच काय ते उरकून टाकू" नको.
मशीन नवीन आली की दुखत नाही का, असं सगळे विचारतात. विजेवर चालणाऱ्या टॅटू मशीनचं पेटंट १८९१ सालचं आहे, न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यांचं, एडिसनच्या विजेच्या पेनावरून सुचलेलं. आताची पेनसारखी मशीन हलकी आहेत, आवाज कमी, हात स्थिर राहतो, त्यामुळे थोडं सुसह्य. पण शाई कातडीच्या वरच्या थरात बसवून चालत नाही, ती खालच्या थरात साधारण १ ते २ मिलीमीटरवर न्यावीच लागते. वर राहिली तर कातडी झडते तशी जाते, जास्त खाली गेली तर रेष पसरते. तेवढं खोल कोणतंही मशीन गेलं तरी लागणारच.
आणि कृपा करून जेवून या. संकष्टीला लोक खास गणपती काढायला येतात आणि कडकडीत उपाशी येतात, चंद्रोदयाला अजून तीन तास, पोटात साबुदाण्याची खिचडीसुद्धा नाही. मशीन सुरू करून थोडा वेळ झाला की ओठ पांढरे, कपाळावर घाम, "दादा काहीतरी होतंय". मग मी मशीन ठेवतो, आडवं करतो, पाय वर, शुद्धीत नीट आला की साखरपाणी. बाप्पाची सोंड अर्धी राहते ती राहतेच. आदल्या रात्री दारू पिऊन येणाऱ्यांचं वेगळं, त्यांचं रक्त जास्त येतं आणि शाई नीट बसत नाही.

पर्वतीपायथा:
बापरे, भरपूर माहिती. सुईवाला दादा, बधिर करायचं क्रीम लावून चालतं का मग? आणि बरगडीवालं कोणीच नाही का?

सुईवाला:
आधी सांगितलं तर चालतं. न सांगता लावून येतात तेव्हा कातडी वेगळी लागते हाताला, आणि दीड तासाने असर उतरला की एकदम सगळं दुखणं एका दमात येतं, कारण शरीराने तयारीच केलेली नसते. माझं मत, छोट्या टॅटूला गरज नाही.

रात्रपाळी:
क्रीमबद्दल मी लिहिते, नर्स आहे. दवाखान्यात मुलांना सुई टोचण्याआधी लावतो त्यात लिडोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के असतं, जाडसर थर, वर प्लास्टिक, तासभर ठेवायचं. ते छोट्याशा जागेसाठी असतं. ऑनलाइन मिळणारी, लेबल धड नसलेली जास्त ताकदीची क्रीमं अख्ख्या मांडीला किंवा पाठीला चोपडून वर स्वयंपाकघरातलं प्लास्टिक गुंडाळून बसू नका, औषध कातडीतून रक्तात जातं, जास्त गेलं तर फिट येऊ शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सोललेल्या कातडीवर मधेच परत लावणं तर अजून वाईट. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, शुगर असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, गोळ्या मनाने बंद करू नका. आणि सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं का एवढं बघाच. दुखणं चार दिवसांचं, कावीळ चार दिवसांची नसते.
माझा स्वतःचा मनगटाच्या आत आहे, छोटासा. नसांवरून जाताना बोटांपर्यंत झिणझिण्या, बाकी काही नाही.

कर्वेनगरची_सून:
बरगडी मी! वाचत होते, कोणी लिहितंय का बघत होते.
माझा डाव्या बाजूला आहे, ब्राच्या पट्ट्याच्या खालून कमरेकडे उतरणारी वेल. खोटं बोलणार नाही, खूप दुखतं. पण सारखं नाही दुखत. बरगडीच्या बरोबर वर आली की कळ, दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत जरा बरं, परत कळ, अशी ती चढउतार असते आणि पुढची कळ कधी येणार ते कळायला लागतं, त्याचाच जास्त त्रास. शिवाय श्वास. हात दुखला तर हात हलवायचा नाही एवढंच असतं, इथे श्वास घेतला की छाती हलते. आर्टिस्ट मुलगी होती, ती म्हणायची आता सोडा श्वास, आणि मी सोडला की रेष ओढायची, मग थांबायची. तो ताल एकदा जमला आणि मग निभावलं. सगळ्यात वर, काखेच्या जवळचं शेवटचं पान होतं तिथे मात्र डोळ्यांतून पाणी आलं, सरळ आलं, मी पुसलंही नाही.
आणि एक कोणी सांगत नाही, हात डोक्यावर घेऊन कुशीवर पडून राहायचं असतं, त्यात खांदा असा भरून आला की घरी आल्यावर मी टॅटूला नाही, खांद्याला शेकत होते. पुढचा आठवडाभर सैल सुती कुर्ते, पट्टा घासणार नाही असं सगळं, उजव्या कुशीवरच झोप. सासूबाईंना तिसऱ्याच दिवशी संशय आला, "अगं तू अशी वाकडी का चालतेस". दाखवल्यावर काही बोलल्या नाहीत, रात्री हळद आणून दिली. लावली नाही अर्थात, आर्टिस्टने दिलेलं मलमच लावलं, पण घेतली.

शिरूरकडचा:
हळदीवरून आठवलं. माझ्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर गोंदण होतं. लहानपणी जत्रेत गोंदणारी बाई बसायची तिच्याकडून. दोन-तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, काजळी, आणि पोरगी हलू नये म्हणून दोन बायका धरायला. बधिर बिधिर काही नाही, गोंदणारी गाणं म्हणायची तेच औषध. हात सुजायचा, एखादीला ताप यायचा, वर हळद. हनुवटीला सगळ्यात लागतं म्हणायची, दात हलतात असं वाटायचं, म्हणजे वर ताशावालीने लिहिलंय तेच. मी दंडावर त्रिशूळ काढून आलो तेव्हा तिने आधी विचारलं कितीला, आकडा ऐकून म्हणाली दुखवून घ्यायचे एवढे? आमच्या वेळी पायलीभर जोंधळ्यात अख्खा हात व्हायचा.
दंडाला काहीच विशेष नाही, वेगळं लिहीत नाही.

भरतीची_तयारी:
हाताच्या आतल्या बाजूला आहे, कोपर ते मनगट. दुखणं ठीक, कोपराच्या घडीजवळ सोडून. जागा दुखण्यावरून नाही, नियमावरून ठरवली. सैन्यात कायमचा टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला, किंवा पंजाच्या मागच्या बाजूला, आदिवासी प्रथेच्या गोंदणाला वेगळी सूट आहे. ॲकॅडमीतला एक पोरगा मानेवर राजमुद्रा काढून आला, सरांनी कपाळाला हात लावला. भरतीचं डोक्यात असेल तर आधी जाहिरात वाचा मग स्टुडिओत जा.

नाव_गाळलेलं:
काढण्याचं सगळ्यांनी लिहिलं, घालवण्याचं मी लिहितो. करंगळीखाली, पंजाच्या कडेला एक नाव होतं. काढताना बोटांचं हाड जवळ म्हणून कळा आल्या, पण वीस मिनिटांचा खेळ. लेझरने घालवताना प्रत्येक ठिणगीला तापलेला रबरबँड ताणून सोडल्यासारखं लागतं, वर जळका वास, मग फोड, मग खपली. ती भरेपर्यंत दीड-दोन महिने थांबायचं आणि परत तेच. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, माझ्यात हिरवा रंग होता, तो अजून आहे. डॉक्टर म्हणाले हिरवा हट्टी असतो.

पर्वतीपायथा:
सगळ्यांचे आभार. बरगडीच. फक्त वेल-बिल नाही, छोटंच काढणार, आणि काखेपासून लांब. नोव्हेंबरच्या शेवटी जाईन म्हणते, आमच्या सोसायटीतलं रक्तदान शिबिर झालं की.

रात्रपाळी:
हे बरं केलंस. टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही, फॉर्मवर विचारतात. खोटं लिहू नये. आमच्याकडे शिबिरात दरवर्षी दोन-चार जण बाही वर करतात आणि प्लास्टिकखालचा ताजा टॅटू दिसतो, मग त्यांना नुसतंच बिस्किट देऊन परत पाठवतो.

एक_पुणेकर:
बिस्किट तरी कशाला?