मदत हवी आहे : सारखे दिसणारे शब्द खरंच नात्यातले, की नुसता तोंडावळा सारखा?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात 'शब्दांच्या गमती' असं एक पान असतं. यंदा ते माझ्या गळ्यात पडलंय. वरच्या मजल्यावरच्या काकांनी मोठ्या हौसेने त्यासाठी 'इंग्रजीने आपल्याकडून घेतलेले शब्द' अशी यादी पाठवली आहे. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली दिसते. छापून आल्यावर कुणी जाब विचारला तर तो मला विचारणार, म्हणून आधीच इथे येतेय.

पितृ–फादर, नाम–नेम या जोड्यांबद्दल शंका नाही. पण त्याही 'आपल्याकडून गेलेल्या' नव्हेत. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मुळाच्या शाखा असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलंही नसेल, हे विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७८६ साली मांडलं होतं. तेव्हा मथळा बदलायचा हे ठरलंय. अडलंय ते खालच्या जोड्यांवर:

संत – सेंट
पथ – पाथ
बद (बदनाम, बदसूरतमधला) – बॅड
दंत – डेंटल
नवगती – नेव्हिगेशन (हा 'नवगती' कुणी कधी कुठे वाचलाय का?)
पाव म्हणजे चतुर्थांश – पाव म्हणजे खायचा. लादीचे चार भाग करतात म्हणून पाव म्हणे!

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडला तर तो बऱ्याच शब्दांपुढे संस्कृत, फारसी अशी नुसती खूण करून मोकळा होतो. नातं खरं की योगायोग हे ओळखायची काही रीत आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. अंक आठवड्याभरात छापायला जाईल.

पाटीपेन्सिल:

रीत आहे, आणि ती थोडी उलटी आहे. शब्द किती सारखे दिसतात हे बघू नका. फरक नेमाने पडतो का ते बघा. पितृ–फादर, पाद–फूट, पंच–फाइव्ह: संस्कृतात 'प' तिथे इंग्रजीत 'फ'. दश–टेन, द्वि–टू: 'द' तिथे 'ट'. हा ग्रिमचा नियम, १८२२ सालचा. परीकथा गोळा करणारे ते दोघे भाऊ, त्यांतला थोरला याकोब.

आता 'दंत' घ्या. 'द'चा 'ट' व्हायला हवा, म्हणजे इंग्रजीतलं सख्खं भावंड 'टूथ'. 'डेंटल' दिसायला जवळचा, पण तो इंग्रजीने लॅटिनमधून नंतर उचललेला. नातं आहेच, पण लॅटिनच्या घरून.

'पाथ' याच नियमावर अडकतो. पथशी थेट नातं असतं तर इंग्रजीत 'फ'ने सुरुवात व्हायला हवी होती. काही अभ्यासक तो फार पूर्वी इराणी भाषेतून जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन ज्यातल्या, त्या कुळात) उसना गेला असं मानतात, पण एकमत नाही. छापायचाच तर 'वादग्रस्त' म्हणून छापा. पन्थाः या रूपाचा निर्विवाद नातेवाईक लॅटिनमध्ये आहे: 'पोन्स', म्हणजे पूल.

'बद–बॅड' हा निव्वळ योगायोग. फारसी 'बद'चं जुनं रूप 'वद' होतं. हजारबाराशे वर्षं मागे गेलात की दोघांचा चेहरा जुळत नाही.

पोदेर:

पाव माझ्याकडे द्या. :) खायचा पाव पोर्तुगीज, त्यांच्याकडे उच्चार नाकातून, 'पांव'च्या जवळचा. गोव्यात सकाळी सायकलवर पाव घेऊन येतो त्या बेकरीवाल्याला आम्ही पोदेर म्हणतो, तोही पोर्तुगीज 'पादेइरु'. चतुर्थांशवाला पाव संस्कृत 'पाद'मधून आलेला. म्हणजे वरचा 'फूट' त्याचा नातलग, खायचा पाव नव्हे. पायाने पीठ तुडवतात म्हणून पाव, ही गोष्टसुद्धा कुणीतरी पाठवेलच. तीही तितकीच खोटी.

अंकात जागा असेल तर आलूबुखारा घाला. त्यातला 'आलू' फारसी आहे आणि त्याचा अर्थ प्लम. बटाट्याशी काही संबंध नाही.

वारणाकाठ:

संत आणि सेंट वेगळेच. सेंट लॅटिन 'सांक्तुस'वरून, म्हणजे पवित्र ठरवलेला. आपला संत 'अस्' धातूच्या 'सत्'मधून, अनेकवचन 'सन्तः'. म्हणजे मुळात 'असणारा', त्यावरून खरा, चांगला. पण काकांना हिरमुसायला नको. हाच 'सन्त्' लॅटिनमध्ये 'असणारा' याच अर्थाने आहे आणि शाळेच्या हजेरीत रोज ऐकू येतो: 'प्रेझेंट' आणि 'ॲब्सेंट'. त्या दोन्हींतलं शेवटचं 'सेंट' हे आपल्या संताचं खरं भावंड! आता जुनाट झालेला इंग्रजी 'सूथ', म्हणजे सत्य, तोही याच घरचा.

'नवगती' बनावट आहे, बिनधास्त काढा. लॅटिन 'नाविस' म्हणजे जहाज आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे, त्यातून नेव्हिगेशन. 'नाविस' आणि आपली 'नौ' मात्र सख्ख्या. कोळीवाड्यातला नाखवासुद्धा त्यातलाच: फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी.

धागाकर्ती:

मंडळी, कमाल आहात! प्रेझेंट–ॲब्सेंट तर चौकटीत टाकणार. पण पाटीपेन्सिल, तुमच्या नियमाने 'द्वार'चा 'टोअर' व्हायला हवा होता, 'डोअर' कसा? काकांच्या यादीत तोही आहे.

पाटीपेन्सिल:

अगदी बरोबर पकडलंत. इथे फिरली आहे ती संस्कृत, इंग्रजी नव्हे. मुळात तिथे 'ध' होता. ग्रीकमध्ये दाराला 'थुरा' म्हणतात, त्यातला 'थ' मूळच्या 'ध'चाच. आणि 'ध'चा इंग्रजीत 'ड' होणं नियमातच बसतं: 'धा' (ठेवणे) आणि 'डू', मधु आणि 'मीड' नावाची मधाची दारू. संस्कृतात 'ध'चा 'द' झाला तो 'द्वि'च्या प्रभावाने, दाराला दोन फळ्या असतात म्हणून, असं मानतात. द्वार–डोअर ठेवा. नेव्हिगेशनबद्दल काकांना सांगा की अर्धी जोडी बरोबर होती, नौ तेवढी ठेवली आहे.