मदत हवी आहे: बंद करून चौथा दिवस, डोकं ठिकाणावर नाही

फिटर_भाऊ: सोमवारपासून बंद केली. डोकं जड, रात्री दोनला टक्क जागा, पोट साफ नाही. काल पोरानं खोडरबर मागितला तर त्याच्या अंगावर खेकसलो. गोळ्या चघळतोय तर उचक्या आणि छातीत जळजळ. किती दिवस चालणार हे? लवकर सांगा, रात्रपाळी आहे.

निवांत: काय बंद केली ते लिहा की! आणि गोळ्या कसल्या?

कोकणकडा: सिगरेटच असणार. मी पण सोडली आहे. चहा निम्म्यावर आणा. सिगरेट सुटली की कॅफीन अंगात जास्त वेळ राहतं, झोप त्यानंच उडते.

फिटर_भाऊ: सिगरेट कोण ओढतंय? तंबाखू हो, चुना लावून. दिवसाला दीड पुडी. गोळी निकोटीनची, २ मिग्रॅवाली.

सांगलीची_काकू: सकाळी जराशी मिश्री लावत जा. पोट साफ होतं.

निवांत: काकू, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच!

सांगलीची_काकू: ती दातांसाठी असते. तीस वर्षं लावतेय, मला काय झालंय?

निवांत: एक दिवस लावू नका, मग सांगा काय झालंय.

औषधवाला: कोकणकडा, ते कॅफीनचं धुरामुळे होतं. धूर यकृताला कॅफीन भराभर मोडायला लावतो. मळून खाणाऱ्याला ते लागू नाही. भाऊ, गोळी खाता कशी?

फिटर_भाऊ: कशी म्हणजे? चिंगमसारखी. चहाबरोबर.

कोकणकडा: बघा, चहा निघालाच शेवटी.

औषधवाला: घोळ तिथंच आहे. कचाकचा चावलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, म्हणून उचकी. सावकाश चावा. तोंड चुरचुरलं की गालाशी धरून ठेवा, चिमूट धरत होतात तशी. चुरचुर गेली की परत दोनचारदा चावा. एक गोळी अर्धा तास चालते. चहाच्या आधी-नंतर पंधरा मिनिटं नको, तोंडात नीट शोषली जात नाही. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट, तो गेला तुमचा. बाकीचं दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. पोटाला पाणी आणि इसबगोल. दीड पुडीवाल्याला २ मिग्रॅ कमी पडू शकते, डॉक्टरांना विचारा. १८००-११-२३५६ ही सरकारी लाइन फुकट आहे.

मुक्काम_पोस्ट: राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे म्हणे. आमच्या कोपऱ्यावर मागाल ती पुडी मिळते.

निवांत: अवांतर. वेगळा धागा काढा.

औषधवाला: भाऊ, एक राहिलं. मावा, सुपारी? सुपारीनं तोंड आखडत जातं, उघडेनासं होतं. तोंडात तीन बोटं उभी जातात का?

फिटर_भाऊ: मावा रात्रपाळीला फक्त, ते काय सांगायचं. गोळी गालात धरली, उचकी नाही. हात मात्र सारखा खिशात जातोय, चुन्याची डबी चाचपायला.

औषधवाला: बोटांचं विचारलं होतं.

फिटर_भाऊ: आत्ता आरशात बघितलं. दोन जातात. तिसरं अडतंय.

औषधवाला: मग पाळी सुटली की घरी जाऊ नका. थेट दातांच्या डॉक्टरकडे.